शब्द नसलेलं गाणं गावोगाव कसं पोहोचलं : शूबर्ट, लिस्त आणि पियानो

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : 'मुलगी आठ वर्षं पियानो शिकतेय. सरांनी आता तिला शूबर्टच्या गाण्याचं लिस्तने केलेलं पियानो-रूपांतर दिलंय. मूळ गाणं गायकाचं, शब्द जर्मन. मग गायक नाही, शब्द नाहीत, असं गाणं वाजवून काय साधतं? सर म्हणतात, याच रूपांतरांमुळे शूबर्ट जगभर पोहोचला. हे खरं, की शिक्षक लोक सांगतात त्यातलं?'

पुण्यात पियानो शिकवायला लागून मला आता तेहतीस वर्षं झाली. हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देते. सरांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण त्यात थोडं मीठमसालाही आहे. तो मसाला बाजूला काढला की मूळ गोष्ट आणखीच मजेदार निघते.

आधी शूबर्ट या संगीतकाराकडे वळू. जन्म १७९७, व्हिएन्ना. मृत्यू १८२८, तोही व्हिएन्नातच, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी. एवढ्या आयुष्यात सहाशेच्या वर गाणी. त्याची गाणी त्याच्या हयातीत कुणी ऐकलीच नाहीत असं लोक रंगवून सांगतात, ते मात्र चूक. व्हिएन्नातल्या घरगुती बैठकींत ती गायली जात, छापलीही जात. पण वेस ओलांडताना अडत. 'एर्लकोनिग' हे त्याचं १८१५ सालचं गाणं. वादळी रात्री बाप आजारी पोराला छातीशी धरून घोडा पिटाळतोय, आणि पोराला रानातला एक मायावी राजा दिसतोय, हाका मारतोय, अशी गटे या जर्मन कवीची कविता. १८१६ मध्ये शूबर्टच्या मित्राने अशा गाण्यांची एक वही थेट गटेकडे धाडली. ती आली तशी परत आली, सोबत चकार शब्द नाही. पुढच्या वर्षी हेच गाणं लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या प्रकाशकाकडे गेलं. त्यांना फ्रान्झ शूबर्ट म्हणजे ड्रेस्डेनचा एक वेगळाच संगीतकार वाटला, म्हणून त्यांनी ते त्याच्याकडे पाठवलं. तो गृहस्थ खवळला आणि असला प्रकार मी कधी रचलेला नाही, असं त्याने कळवलं! शेवटी १८२१ मध्ये मित्रांनीच पैसे उभे केले आणि ते शूबर्टची पहिली क्रमांकित कृती म्हणून छापलं गेलं. त्याआधी व्हिएन्नाचे प्रकाशक ते फुकट मिळत असूनही छापायला तयार नव्हते. कारणं दोन : रचनाकाराला कुणी ओळखत नाही, आणि पियानोची साथ भलतीच अवघड.

ही दुसरी सबब लक्षात ठेवा, कारण जी साथ अवघड म्हणून गाणं अडलं, त्याच पियानोच्या पाठीवर बसून ते पुढे युरोपभर फिरलं.

गाणं अडतं कुठे, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भाषा अडवते, गळा अडवतो, साथीदार अडवतो. जर्मन गाणं पॅरिसात कोण गाणार? गायला कुणी तयार झालं, तर घोड्याच्या टापांसारखी ती साथ कोण वाजवणार? शिवाय 'लीड', म्हणजे असं पियानोच्या साथीचं जर्मन गाणं, ही मुळात दिवाणखान्यातली चीज. मोठ्या सभागृहात तेव्हा ऑपेरातली गाणी चालत. एका कवितेला एक चाल लावलेली आणि सोबत एकच पियानो, एवढ्यावर हजार माणसं बसवायची रीत पडायची होती. सभागृहात पियानो मात्र होता, आणि पैसेवाल्यांच्या व मध्यमवर्गीयांच्या घराघरांतही तो येऊन बसला होता. तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतं. नवं संगीत ऐकायचं तर छापील पानं आणायची आणि स्वतः वाजवायची. ऑपेरा, सिम्फनी, चार तंतुवाद्यांची चौकडी, सगळं पियानोवर उतरवून विकलं जाई. चार हातांनी वाजवायच्या आवृत्त्यांचा तर वेगळा बाजारच होता. गाण्यांनीही तीच वाट धरली.

फ्रान्झ लिस्त हा पियानोवादक इथे येतो. जन्म १८११, हंगेरीच्या राज्यातला. अकरा-बारा वर्षांचा असताना व्हिएन्नात चेर्नी या शिक्षकाकडे पियानो शिकला. तेव्हा शूबर्ट त्याच गावात होता, पण दोघांची गाठ पडली नाही. पुढे लिस्त पॅरिसला गेला आणि तिथे शूबर्टच्या गाण्यांनी त्याला असं पछाडलं की जन्मभर सोडलं नाही.

पॅरिसातला एक प्रसंग सांगते. तो आख्यायिकेसारखा सांगितला जातो, पण त्याचा पुढचा भाग पक्का आहे. अॅडॉल्फ नूरी हा पॅरिस ऑपेराचा अव्वल टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक. १८३०च्या दशकात एका बँकरच्या घरच्या मैफलीत तो शिरला, तेव्हा लिस्त पियानोवर 'एर्लकोनिग' वाजवत होता. नूरी जागच्या जागी थांबला आणि पुन्हा वाजव म्हणाला. लिस्तने उत्तर दिलं, त्यापेक्षा तूच गा. इथपर्यंत आख्यायिका. पुढचं असं की या ऑपेरावाल्याने शूबर्टचं जणू व्रत घेतलं. फ्रेंच शब्दांत ही गाणी तो पॅरिसात आणि पॅरिसबाहेर गात राहिला. पुढे ऑपेरातलं त्याचं स्थान डळमळलं, मन खचलं, आणि १८३९ मध्ये नेपल्सला त्याने जीव दिला. त्याचं शव फ्रान्सला नेताना मार्सेच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. त्या वेळी ऑर्गनवर संगीतकार शोपँ बसला होता आणि त्याने शूबर्टचंच एक गाणं वाजवलं, अर्थात शब्दांविना. गाण्यापासून पियानो, पियानोपासून गायक, आणि गायक गेल्यावर पुन्हा नुसते सूर. गाणं माणसामाणसांतून कसं वाट काढतं याचं यापेक्षा बोलकं उदाहरण माझ्याजवळ नाही. वाद्यावरचं गाणं गायकाच्या पोटावर पाय आणतं असा एक समज आहे. इथे तर पियानोनेच गायकाला गाण्याकडे ओढून नेलं.

मग १८३८ उजाडलं. मार्चमध्ये डॅन्यूबला महापूर आला आणि हंगेरीतलं पेश्त शहर (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) बुडालं. लिस्त तेव्हा इटलीत होता. बातमी वाचून तो व्हिएन्नाला धावला आणि पूरग्रस्तांसाठी त्याने एप्रिल-मेमध्ये कार्यक्रमांची रांग लावली. त्यांत शूबर्टची गाणी होती, त्याने स्वतः पियानोवर उतरवलेली. शूबर्टच्या स्वतःच्या गावात, तो जाऊन दहा वर्षं होत आलेली असताना, लोकांनी आपल्याच माणसाची गाणी अशी ऐकली. त्याच वर्षी डियाबेली या व्हिएन्नाच्या प्रकाशकाने बारा गाण्यांचा संच काढला. त्यात 'एर्लकोनिग', 'ग्रेटशेन', 'आवे मारिया', 'डू बिस्ट डी रू' अशी एकेक भारी नावं. लगोलग हास्लिंगर या दुसऱ्या प्रकाशकाने 'श्वानेनगेझांग' या शेवटच्या संग्रहाची चौदाच्या चौदा गाणी काढली आणि 'विंटररायझे' या गीतमालेतलीही बारा काढली. लिस्तने एकूण पन्नासच्या वर शूबर्ट-गाणी पियानोवर आणली.

प्रकाशकांचं यात काय होतं, तेही उघड आहे. डियाबेलीने शूबर्टच्या भावाकडून हस्तलिखितांचा मोठा गठ्ठा विकत घेऊन ठेवला होता आणि मरणोत्तर गाण्यांचे भाग तो एकामागून एक काढत होता. लिस्तसारखा लोकप्रिय वादक त्यातली गाणी गावोगाव वाजवतो, म्हणजे फिरती जाहिरातच! रूपांतराची पानं खपत, आणि मूळ गाण्याकडेही गिऱ्हाईक वळे. कलेच्या गोष्टीत व्यापार आणला म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. व्यापार नसता, तर ही पानं तुमच्या मुलीच्या पियानोवर आज आलीच नसती.

पुढची आठ-नऊ वर्षं लिस्त गाडीत बसून युरोप पालथा घालत होता. लिस्बनपासून रशियातल्या पीटर्सबर्गपर्यंत आणि खाली कॉन्स्टँटिनोपलपर्यंत. १८४२ मध्ये पीटर्सबर्गच्या पहिल्या कार्यक्रमाला सरदारमंडळींच्या सभागृहात सुमारे ३,००० माणसं होती. त्या दिवशीच्या यादीत शूबर्टची दोन गाणी होती : 'एर्लकोनिग' आणि जिला सगळे 'सेरेनेड' म्हणतात ती 'श्टेंडशेन'. पुढे मोठा समीक्षक झालेला स्तासोव्ह तेव्हा कोवळा विद्यार्थी होता. तो तिथे हजर होता आणि त्याने त्या दिवसाचं वर्णन लिहून ठेवलंय.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, एरवी ती निसटते. त्याआधीच्या कार्यक्रमांत एकटा पियानोवादक संध्याकाळभर वाजवत नसे. मध्ये गायिका येई, एखादं व्हायोलिन होई, वाद्यवृंद असे. सबंध कार्यक्रम एकट्याने करायची चाल पाडली ती लिस्तनेच. १८४० मध्ये लंडनला त्याने त्याला 'रिसायटल' हे नाव दिलं, ते आजही चालतंय. पण श्रोत्यांच्या कानाला तर मध्ये गाणं ऐकायची सवय! ती जागा भरायला गाण्याचं रूपांतर अगदी चपखल बसलं. ऑपेरातल्या सुरावटींवरच्या करामती टाळ्यांसाठी आणि शूबर्ट मन भिजवण्यासाठी. गायिका व्यासपीठावरून गेली, पण कार्यक्रमातली तिची खुर्ची शूबर्टने धरून ठेवली.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. शब्द नसताना गाणं उरतं का?

आपल्याकडे गोविंदराव टेंबे पेटीवर नाट्यपद वाजवत तेव्हा समोरच्या माणसाला पद तोंडपाठ असे. पेटीतून सूर यायचे आणि शब्द ऐकणाऱ्याच्या मनातून. वरातीतला ब्रास बँड सिनेमाचं गाणं वाजवतो तेव्हाही हेच होतं. क्लॅरिनेटला शब्द नसतात, पण वऱ्हाडाला असतात. पीटर्सबर्गच्या किंवा लिस्बनच्या श्रोत्याला ही सोय नव्हती. त्याला ना जर्मन येत होतं, ना ते गाणं आधी माहीत होतं. म्हणजे शब्दांनी करायचं कामही सुरांनाच करावं लागणार. लिस्तचं मोठेपण मला या जागी दिसतं, आणि ते बोटांच्या कसरतीत नाही.

'एर्लकोनिग' घ्या. यात चार आवाज आहेत : कथा सांगणारा, बाप, पोर आणि तो राजा. गायक एकच असतो, तो आवाज बदलून चौघं उभी करतो. शूबर्टने पियानोच्या उजव्या हाताला एकाच स्वराचे ऑक्टेव्ह (तोच स्वर दोन सप्तकांत एकदम) तीन-तीनच्या गटात सतत ठोकायला दिलेत. टापाच त्या. सगळं मिळून १४८ मात्राखंड, आणि शेवटची ओळ येईपर्यंत हाताला दम खायला जागा जवळजवळ नाही. शूबर्टने याची एक सोपी साथही लिहून ठेवली आहे, तीनऐवजी दोन-दोनच्या गटाची. (हे विद्यार्थ्यांना सांगितलं की त्यांचा चेहरा असा उजळतो म्हणता!) आता लिस्तने काय करावं? साथ तर ठेवायचीच, वर गायकही त्याच दहा बोटांत बसवायचा. मग त्याने चार आवाजांना चार जागा नेमून दिल्या. बाप खाली खर्जात. पोर वर, किंचाळणाऱ्या पट्टीत. राजाची ओळ आली की टापांची धडधड विरते आणि त्या जागी झुळझुळते सूर येतात, कारण तो गोड बोलून फसवणारा आहे. जर्मनचं अक्षर न कळणाऱ्या माणसालाही कळतं की इथे कुणीतरी घाबरलंय आणि कुणीतरी भुलवतंय. शेवटी घोडा थांबतो, सगळं थांबतं, आणि नुसती बोलल्यासारखी एक ओळ येते : बापाच्या हातातलं पोर मेलेलं होतं. पियानोवर ही ओळ लिस्तने उघडी, एकटी सोडलीय. हजार सुरांनंतरचे हे चार-सहा सूर वाजवायला मला सगळ्यात कठीण जातात.

दुसरी अडचण आपल्या गाणाऱ्यांना लगेच उमजेल. कडव्यांचं गाणं असतं, म्हणजे चाल एकच आणि शब्द दर कडव्याला नवे. आपला अभंग असतो तसा. गायक तीच चाल तीनदा गातो, पण शब्द बदलल्यामुळे आपल्याला कंटाळा येत नाही. पियानोवर शब्द काढून घेतले, तर उरतं तीनदा तेच ते. ही अडचण लिस्तने हेरली. 'सेरेनेड'मध्ये पहिलं कडवं सरळ वाजतं. दुसऱ्यात चाल खाली उतरते, डाव्या बाजूला, चेलोवर वाजावी तशी. तिसऱ्यात ती वर असते आणि तिच्या मागोमाग वरच्या सप्तकात तिचाच प्रतिध्वनी येतो, रात्रीच्या गल्लीत हाक मारावी आणि समोरच्या भिंतीवरून ती परत यावी तसा. शूबर्टने हा प्रतिध्वनी लिहिलेला नाही. पण प्रेयसीच्या खिडकीखाली उभ्या असलेल्या माणसाचं हे गाणं, त्यामुळे तो परका वाटत नाही. 'आउफ डेम वासर त्सू झिंगेन' या होडीतल्या गाण्यातही असंच आहे. चाल कडव्यागणिक एकेक मजला चढते. आधी खालच्या पट्टीत, मग मधल्या, मग वरच्या. शब्द जे सांगत होते ते आता उंची सांगते.

तिसरी अडचण वाद्याचीच. पियानोचा सूर वाजला की विझायला लागतो. गायक एक सूर धरून फुलवू शकतो, पेटीवालाही भात्यावर थोडंफार करू शकतो, पियानोवाला नाही. मींड तर विसराच. म्हणून लिस्त चालीच्या खाली तरंगणारे सूर पसरतो, चालीला ऑक्टेव्हची जोड देतो, पेडलने सगळं एकात एक मिसळू देतो. 'आवे मारिया'त त्याने चाल मधोमध ठेवलीय, दोन्ही हातांचे अंगठे आळीपाळीने ती वाजवतात, आणि उरलेली बोटं वर-खाली वीणकाम करत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं तीन हात आहेत. कागदावरही दोनाऐवजी तीन ओळींत लिहावं लागलंय. ही युक्ती तेव्हाचा त्याचा प्रतिस्पर्धी थालबर्ग याच्या नावावर गाजली. त्याच थालबर्गने १८५३ मध्ये पियानोवर गायचं कसं, हे शिकवायला गाण्यांच्या रूपांतरांचा एक संग्रहच काढला. चांगलं वाजवायचं असेल तर गाणं शिका, असा त्याचा सल्ला आहे. मी तो रोज देते, आणि पालकांना वाटतं बाई फी वाढवायला बघतायत.

छापील पानावरची एक गोष्ट बघा. यांतल्या बऱ्याच रूपांतरांत चालीच्या स्वरांबरोबर कवितेचे शब्द छापलेले असतात. गाणारं कुणी नाही, तरी शब्द आहेत. ते वादकासाठी आहेत. मी बरीच वर्षं त्याकडे शोभेचं म्हणून बघत होते, ते एका विद्यार्थिनीमुळे थांबलं.

ती 'ग्रेटशेन' बसवत होती. हे गाणं शूबर्टने १८१४ मध्ये रचलं, वयाच्या सतराव्या वर्षी. मुलगी चरख्यापाशी बसून सूत काततेय आणि तिला त्याची आठवण येतेय. चाक फिरतंय ते पियानोत, गरगर, न थांबता. आठवणी गडद होत जातात, चाल चढत जाते आणि त्याच्या चुंबनाच्या आठवणीपाशी चाक एकदम थांबतं. तिच्या हातून चरखा सुटलाय. मग ते पुन्हा सुरू होतं, पण लगेच नाही. एकदा अडखळतं, पुन्हा अडखळतं, आणि मग लागतं. या मुलीची बोटं उत्तम होती. सगळं स्वच्छ वाजवायची, आणि थांबायच्या त्या जागेवरून दर वेळी सुळकन निघून जायची, ट्रॅफिक पोलीस नसलेल्या सिग्नलवरून जावं तशी. मी म्हणायची 'थांब', ती म्हणायची 'थांबले की, दोन मात्रा.' मोजून दोन मात्राच थांबायची! शेवटी मी पानावरचे ते दोन जर्मन शब्द दाखवले, 'झाइन कुस', आणि अर्थ सांगितला. पोरगी लाजली, हसली, आणि मग वाजवलं. त्या दिवशी चरखा खरंच अडखळला. पुढची दोन मिनिटं मी काही बोलले नाही, शिकवणीत हे क्वचितच घडतं.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे : रूपांतराला हात लावायच्या आधी मूळ गाणं ऐकायचं, कवितेचा अर्थ मराठीत स्वतःच्या अक्षरात लिहायचा आणि चाल गुणगुणता यायला हवी. गळा कसाही असो.

आता तो मसाला. 'लिस्तने शूबर्टला शोधून काढलं' असं सर म्हणत असतील, तर ते त्यांच्यापाशीच राहू द्या. व्हिएन्नात फोगल नावाच्या नामांकित गायकाने १८२१ मध्येच 'एर्लकोनिग' जाहीर कार्यक्रमात गाऊन दाखवलं होतं. पॅरिसात नूरी होता. शूबर्टच्या मोठ्या सी मेजर सिम्फनीचं बाड संगीतकार शूमानला शूबर्टच्या भावाकडे मिळालं आणि त्याचा संगीतकार मित्र मेंडेल्सझोन याने ते १८३९ मध्ये लाइपझिगला वाजवलं. त्यात पियानोचा संबंध नाही. आणि रूपांतरं काही एकट्या लिस्तने केली नाहीत. स्टीफन हेलरनेही केली, आणखी कित्येकांनी घरात वाजवता येतील अशी सोपी केली. क्लारा वीकसारख्या वादकांनी लिस्तची रूपांतरं आपल्या कार्यक्रमांत घेतली, म्हणून ती एका माणसाची करामत न राहता सगळ्यांच्या कार्यक्रमांत आली. माझ्या मते दिवाणखान्यात सोप्या पानांनी जेवढं काम केलं, तेवढंच सभागृहात लिस्तच्या अवघड पानांनी. अवघड पानं ऐकायची आणि सोपी विकत घ्यायची, असं ते चाले. लिस्तचं आणखी एक ऋण मात्र मान्य करायला हवं. तो नुसता वाजवून थांबला नाही. जर्मनीतल्या वायमारला संगीताची सूत्रं हातात आल्यावर, १८५४ मध्ये, त्याने शूबर्टचा 'आल्फोन्सो उंड एस्ट्रेला' हा ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आणला. शूबर्टला जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

याची किंमतही मोजावी लागली. सहाशेतली पन्नास-पंचावन्न गाणी निवडली गेली, त्यातली आठ-दहाच खूप वाजली, आणि लोकांच्या मनात तेवढाच शूबर्ट उरला. शिवाय शब्द सुटले की अर्थही भरकटतो. 'आवे मारिया' सगळ्यांना चर्चमधली लॅटिन प्रार्थना वाटते. गोव्यातल्या आणि वांद्र्याच्या लग्नांत ती मी स्वतः कितीदा वाजवलीय. मूळ गाणं वॉल्टर स्कॉटच्या काव्यातल्या एलन नावाच्या मुलीचं आहे, जर्मन अनुवादातलं. डोंगरात लपून बसलेली ती मुलगी मेरीला हाक मारतेय. लग्नाशी त्याचा काही संबंध नाही. पण ती सुरावट अशी आहे की लोकांनी तिला हवं तिथे नेऊन बसवलं, आणि आता तिला तिथून उठवायला मी कोण?

आणि हो, दाखवेगिरी. लिस्तची काही रूपांतरं खरंच अंगावर येतात. मूळ गाणं कुजबुजत होतं तिथे हा ओरडतो. विसाव्या शतकात बऱ्याच जाणकारांनी म्हणूनच रूपांतरं दुय्यम ठरवून बाजूला सारली. ध्वनिमुद्रणं आल्यावर मूळ गाणं घरबसल्या ऐकता येऊ लागलं आणि त्यांचं निरोप्याचं काम संपलं होतंच. मीही एके काळी त्याच कळपात होते. आता नाही. पण 'डू बिस्ट डी रू'च्या शेवटाकडे चाल हळूहळू वर चढते, तिथे कुणी लिस्तच्या नावाने धबधबा ओतला, तर मी आजही उठून खिडकीपाशी जाते.

तुमच्या मुलीसाठी शेवटचं. सरांनी कोणतं गाणं दिलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. 'एर्लकोनिग' असेल तर त्यांना नम्रपणे विचारा, इतक्यात का? चुकीच्या पद्धतीने ते ऑक्टेव्ह ठोकून मनगट कायमचं दुखावून बसलेली मुलं मी पाहिलीत. हात ताठ होतोय असं वाटलं की त्या दिवशी झाकण लावायचं, पाचव्या मिनिटाला असलं तरी. 'सेरेनेड' असेल तर चालेल, फक्त प्रतिध्वनीचं कडवं सगळ्यात शेवटी बसवा आणि त्यातला वरचा आवाज खालच्याहून हलका ठेवा. तसा ठेवला नाही, तर हाक कुठली आणि प्रतिध्वनी कुठला हे कळत नाही. जुन्या छापील प्रती आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शब्द छापलेली प्रत बघून घ्या.

आणि निवड तुमच्या हातात असेल, तर 'श्वानेनगेझांग'मधलं 'इर बिल्ड' सुचवते. दीड-दोन पानांचं गाणं, जर्मन कवी हाइनेची कविता : मी अंधाऱ्या स्वप्नात उभा होतो आणि तिच्या चित्राकडे टक लावून पाहत होतो. सुरुवातीला पियानोवर फक्त एक स्वर आहे, बी फ्लॅट, खालच्या ऑक्टेव्हच्या जोडीने. तो वाजतो, थांबतो, आणि तोच पुन्हा वाजतो. बाकी काही नाही. मुलीला पहिला आठवडाभर तेवढेच दोन सूर वाजवू द्या. पहिला वाजवताना ती चित्राकडे बघतेय. दुसऱ्याच्या वेळीही तेच चित्र समोर आहे, पण मधल्या क्षणात काहीतरी बदललंय. काय बदललं ते तिला ठरवू दे. आठवडाभरानंतर तुम्ही शेजारच्या खोलीत बसून ऐका. दोन्ही सूर सारखे वाटले, तर आणखी एक आठवडा.